टपटप पाऊस आणि बिनटपाची गाडी

एमजी म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर येते ती हेक्टर. २०१९ मध्ये भारतात आलेली, सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजाऱ्याच्याही दोन फुटांवर हक्क सांगणारी धिप्पाड एसयूव्ही. पण इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डन नावाच्या गावात जाऊन कुणासमोर ‘एमजी’ म्हणून बघा. समोरचा साठीच्या पुढचा असेल तर तो हाताने जेमतेम कमरेएवढी उंची दाखवेल. त्याच्या लेखी एमजी म्हणजे बुटकी, लांब नाकाची, दोन सीटची गाडी. आणि डोक्यावर? काही नाही. आभाळ!

अ‍ॅबिंग्डन हे ऑक्सफर्डच्या दक्षिणेला दहा-बारा किलोमीटरवर, थेम्सच्या काठी. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून ऑक्सफर्ड साधारण तासाभराचं, पुढे बस. आपले टुरिस्ट ऑक्सफर्डला येतात, हॅरी पॉटरच्या सिनेमातल्या जिन्यावर फोटो काढतात आणि परत फिरतात. अ‍ॅबिंग्डनपर्यंत फारसं कुणी येत नाही, आणि हे अ‍ॅबिंग्डनच्या पथ्यावरच पडलंय. नदी, दगडी पूल, बदकं, आणि बाजाराच्या चौकात सतराव्या शतकातला भलाथोरला काउंटी हॉल. राजघराण्यात काही मोठं घडलं की गावचे नगरसेवक या इमारतीच्या गच्चीवर चढतात आणि खाली जमलेल्या गर्दीवर बन फेकतात. हो, बरोबर वाचलंत, खायचे बन. २०२३ च्या मे महिन्यात राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकालाही फेकले. याच इमारतीत आता म्युझियम आहे आणि त्यात जुनी भांडी, जुने नकाशे यांच्या जोडीला चक्क एक एमजीबी उभी आहे. १९८० साली इथल्या कारखान्यातून निघालेल्या अगदी शेवटच्या गाड्यांपैकी एक.

कारखाना होता मार्चम रोडला. १९२९ साली एका चामड्याच्या कारखान्याच्या आवारात एमजीने बस्तान बसवलं आणि पन्नास वर्षांत अकरा लाखांहून जास्त गाड्या बाहेर काढल्या. १९८० च्या ऑक्टोबरमध्ये गेट बंद झालं. आज शोधायला गेलात तर हाती फारसं लागत नाही. जवळच एमजी कार क्लबचं ऑफिस आहे, संस्थापक सेसिल किंबर यांच्या नावाचं किंबर हाउस. पत्ता काय, तर सेमेटरी रोड. म्हणजे स्मशान रस्ता! इंग्लिश माणसाला यात काही वावगं वाटत नाही, आपल्याला मात्र जरा हसू येतंच.

मी तिथे गेले होते माझ्या मावसभावाकडे. दादा मूळचा कोथरूडचा, आयटीतला, नोकरी डिडकॉटच्या बाजूला. त्याच्याकडे १९७२ ची एमजीबी रोडस्टर आहे. गडद हिरवी, क्रोमचे बंपर, १७९८ सीसीचं इंजिन. वहिनी तिला ‘सवत’ म्हणते. आणि मी पोचले तेव्हा घरात या सवतीवरूनच वाजलं होतं.

दादाचं म्हणणं, ‘यंदा टप फिक्सच करून टाकतो. कायमचा. कटकट नको.’

आता तुम्हाला वाटेल, वहिनी खूश झाली असेल. केस विस्कटायला नकोत, थंडी वाजायला नको. अजिबात नाही. वहिनी म्हणाली, ‘मग विकून टाक ना गाडी! टपवाल्या गाड्या जगात कमी आहेत का?’

दादाची बाजू आधी ऐकून घेऊ. एमजीबीला कापडी हूड असतो. पाऊस आला की गाडी बाजूला घ्यायची, हूड ओढायचा, पुढच्या काचेला अडकवायचा, कडेची टिचबटणं लावायची. तोवर आपण चिंब. शिवाय लावल्यावरही एखाद्या कोपऱ्यातून पाणी मांडीवर येतंच, टपटप टपटप. मोटरवेवर वाऱ्याचा आवाज असा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. बरं, ऑक्सफर्डचा वर्षाचा पाऊस पुण्यापेक्षा जास्त नाही, साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास. पण आपला पाऊस चार महिन्यांत येऊन हिशेब चुकता करून जातो. इथला येतो ईएमआयवर. बाराही महिने, थोडा थोडा, न चुकता. म्हणजे गाडी उघडी काढायचा दिवस ठरवताच येत नाही आणि ती गॅरेजमध्ये उभी राहते. दादाला ती रोज ऑफिसला न्यायची होती.

त्याचा प्लॅनही तयार होता. फायबरग्लासचा सुटा हार्डटॉप मिळतो, एरवी तो पुढे काचेच्या फ्रेमला क्लॅम्पने आणि मागे बोल्टने बसतो. हवा तेव्हा काढता येतो. दादा तोच घेऊन विंडशील्ड चिकटवायच्या गमने कायमचा चिकटवणार होता. हूडचा सांगाडा काढून टाकायचा, आतून अस्तर लावायचं, झाली कूपे तयार. ऐकायला एकदम सॉलिड!

मुळात हा विचार काही दादाचा एकट्याचा नाही. एमजीबी आली १९६२ साली, आणि लगेचच लोकांना तिच्यावर टप हवासा वाटू लागला. ब्रसेल्समध्ये जॅक कून नावाच्या माणसाने रोडस्टर घेऊन त्यांवर मागे उतरत जाणारा टप चढवला आणि अशा पन्नासहून जास्त गाड्या विकल्या. अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्याचे प्रमुख जॉन थॉर्नली यांच्याही डोक्यात असंच काहीतरी होतं. त्यांना हवी होती गरिबाची अ‍ॅस्टन मार्टिन. इटलीच्या पिनिनफरिनाची मदत घेतली आणि १९६५ साली एमजीबी जीटी आली, टपवाली. पण पिनिनफरिनाने काय केलं बघा. रोडस्टरवर नुसतं झाकण ठेवलं नाही. पुढची काचच उंच केली, मागे उघडणारं दार दिलं, टप पोलादी आणि बॉडीत वेल्ड केलेला. वजन शंभरेक किलोंनी वाढलं, त्यामुळे सिग्नलवरून सुटताना जीटी थोडी मंद. पण टॉप स्पीड किंचित जास्त, कारण वारा टपावरून सुरळीत सरकतो. आणि बॉडी कितीतरी ताठ.

हा ताठपणाच सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे, हे मला समजलं ते विटनीला.

शनिवारी दादा, मी आणि उघडी गाडी. वहिनी ‘तुमचं चालू द्या’ म्हणून घरीच राहिली. अ‍ॅबिंग्डन ते विटनी हा ए-४१५ रस्ता, अर्ध्या-पाऊण तासाचा. एकदम भन्नाट! बाजूला कापणी झालेली शेतं, मध्येच एखादं पिवळ्या दगडाच्या घरांचं खेडं. न्यूब्रिज नावाचा पूल लागतो, ‘न्यू’ म्हणजे तेराव्या शतकातला. तिथे विंडरश नदी येऊन थेम्सला मिळते आणि पुलाच्या दोन्ही तोंडांना पब आहेत. आणि बिनटपाच्या गाडीत काय होतं माहितीये? वास येतात. ओल्या गवताचा, शेणखताचा, नदीचा, पबमधल्या तळणाचा. एसी गाडीत आपण फक्त चित्र बघत असतो. वहिनीचं भांडण कशासाठी होतं, ते मला न्यूब्रिजवर कळलं.

विटनी एकेकाळी ब्लँकेटसाठी प्रसिद्ध होतं. आता एमजीवाल्यांच्या दृष्टीने ते वेगळ्याच गोष्टीचं गाव आहे. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी तिथे जुन्या मूळ साच्यांवर एमजीबीची अख्खी नवीकोरी बॉडी बनवते. म्हणजे गाडी पूर्ण सडली तरी इलाज आहे, फक्त खिसा मोठा हवा. आम्ही मात्र गेलो होतो गावाबाहेरच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये. मालक सत्तरीचे, हाताला कायमचं ग्रीस. त्यांनी दादाचा प्लॅन शांतपणे ऐकला, एक अक्षर न बोलता जॅक आणला, दाराच्या थोडं पुढे गाडीखाली लावला आणि वर उचलायला लागले. चाक जमिनीवरून सुटलं. मग म्हणाले, दार उघडा.

दार उघडेना! म्हणजे उघडलं, पण खालची कड घासून. परत लावताना नीट बसेचना.

मग त्यांनी समजावून सांगितलं. एमजीबीला वेगळी चासी नाही. बॉडी हीच चासी. बंद गाडीत टप, खांब आणि जमीन मिळून एक खोकं तयार होतं आणि खोकं सहजी पिळत नाही. त्याचं झाकण काढलं की सगळा भार येतो तो दाराखालच्या पोकळ पेटीवर, इकडे तिला सिल म्हणतात. तीन पत्रे एकमेकांना वेल्ड करून ती बनते. पाणी आत साचतं आणि गंज आतून सुरू होतो, बाहेर पेंट चकाचक. दादाच्या गाडीची सिल आतून गेलेली होती. खड्ड्यातून जाताना डॅशबोर्ड थरथरतो, त्याला दादा तीन वर्षं ‘जुन्या गाडीचं कॅरेक्टर’ म्हणत होता.

‘मग टप चिकटवला तर ताठपणा येईलच ना?’ दादाने शेवटचा प्रयत्न केला.

येणार नाही. कारण रोडस्टरच्या पुढच्या काचेची फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची, बोल्टने जोडलेली. ती भार पेलायला बनवलेलीच नाही. तिच्यावर टप चिकटवायचा म्हणजे हलणाऱ्या खोक्यावर न हलणारं झाकण डकवायचं. बॉडी प्रत्येक वळणावर थोडी पिळणार, गम ताणला जाणार, काही महिन्यांत कडेला भेग आणि भेगेतून पुन्हा तेच टपटप. गाडी उलटली तर फायबरचा तो टप वाचवेल, हाही गैरसमजच. खरा टप हवा तर जीटीचा पोलादी टप कापून आणायचा, जीटीची उंच काच, तिची फ्रेम, मागचं दार, सगळं वेल्ड करायचं. त्या खर्चात एक अख्खी जीटी येते. इथल्या बाजारात जीटी तशीही रोडस्टरपेक्षा स्वस्तच मिळते. त्यांच्याकडे उलटी गिऱ्हाइकंच जास्त येतात म्हणे. जीटीचा टप कापून उघडी करून द्या म्हणणारी.

कागदपत्रांची भानगड वेगळीच. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांपुढच्या गाडीला रोड टॅक्स माफ असतो आणि एमओटी, म्हणजे दरवर्षीची फिटनेस टेस्ट, तीही माफ. पण एमओटीची माफी मिळते ती गेल्या तीस वर्षांत गाडीत मोठा बदल झालेला नसेल तरच. बॉडीचा प्रकार बदलला, उघडीची बंद झाली, की डीव्हीएलएला कळवावं लागतं आणि इन्शुरन्स कंपनीलाही. म्हणजे हा टप कागदावरही चढतो. (आपल्याकडे तर विषयच संपतो. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ मधला सुप्रीम कोर्टाचा निकाल बघता, कंपनीने दिलेल्या मूळ रूपात असा फेरफार आरटीओ मान्य करणार नाही. तेव्हा जुन्या जिप्सीला घेऊन कुठल्या गॅरेजमध्ये बसला असाल तर जरा दमानं.)

परत येताना दादा गप्प होता. न्यूब्रिजला पाऊस आला. बारीकच. त्याने गाडी थांबवली नाही, हूडही काढला नाही. वेगात असलं की पुढच्या काचेवरून वारा पाणी मागे उडवून नेतो, असं तो म्हणाला. सिग्नलला थांबलो की मात्र भिजत होतो.

त्या रात्री डायनिंग टेबलवर पिठलं-भात आणि कॅल्क्युलेटर. टपासाठी बाजूला ठेवलेले पैसे सगळेच्या सगळे सिलमध्ये जाणार होते, वर थोडे आणखी. दोन्ही बाजूंच्या पेट्या कापून नव्या घालायच्या. हे काम करताना दाराच्या मोकळ्या जागेत आडवी पट्टी वेल्ड करून ठेवतात, नाहीतर गाडी मधोमध बसते आणि दार जन्मात नीट लागत नाही. वर्कशॉपवाल्यांनी नंबर दिला होता तीन महिन्यांनंतरचा. दादाला घाई होती, पण त्यांना अजिबात नव्हती.

वहिनी जिंकली, असं म्हणायचा मोह होतो. पण तिनेच पुढे विषय काढला, ‘सुटा टप घे ना. हिवाळ्यापुरता. मीही येईन मग डिसेंबरात.’ न चिकटवलेला, क्लॅम्पवाला. दादाने तोंड वाकडं केलं. उन्हाळ्यात एवढं मोठं धूड ठेवायचं कुठे? तर इथले लोक तो गॅरेजच्या आढ्याला कप्पी लावून टांगतात. खाली गाडी, वर टप लोंबकळतोय. दोर सोडला की खाली, ओढला की वर. आपल्या आजीच्या घरातलं शिंकं आठवतंय? तेच.

मी निघायच्या आधी तो जुना, पांढऱ्या रंगाचा हार्डटॉप घरी आला. हिरव्या गाडीवर पांढरं डोकं. वहिनीच्या मते डॉक्टरांच्या अ‍ॅम्बेसेडरसारखं दिसतं, दादाच्या मते क्लासिक. सिलचं काम झालं की टप चढणार. आणि उतरणार कधी, ते वहिनीने फ्रिजवरच्या कालनिर्णयवर पेनाने लिहूनही ठेवलंय, गुढीपाडव्याच्या चौकोनात: ‘सकाळी गुढी वर, दुपारी टप खाली.’