चढावरची मोटार

२०१५ च्या फेब्रुवारीत आम्ही बॉस्टनजवळ दादाकडे होतो. त्या हिवाळ्यात बॉस्टनमध्ये ११०.६ इंच बर्फ पडले. त्या शहराच्या नोंदींतला तो उच्चांक. यंत्र बिघडते ते उन्हाने, एवढेच आम्हां नागपूरकरांना ठाऊक. मे महिन्यात बॉनेट उघडून रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मोटारी पाहतच आम्ही वाढलो.

घरची छोटी हायब्रिड एरवी पेट्रोलच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणारी. थंडीत मात्र तिची काटकसर संपे. बॅटरी मंदावते, आणि आत ऊब हवी म्हणून एंजिनाला उगाच धडधडत राहावे लागते.

त्या पहाटे नागपूरहून फोन आला. बाबांना अतिदक्षता विभागात हलवले होते. दादा मोठी गाडी घेऊन रात्रपाळीला गेलेला. आम्हांला विमानतळावर सोडायला वहिनी निघाल्या. गल्लीतल्याच चढावर पुढची चाके घसरली. चाक घसरले की त्याची शक्ती तोडायची, ही गाडीतल्या यंत्रणेची सुरक्षिततेची कल्पना. वहिनी पॅडल दाबीत होत्या आणि गाडी एखाद्या नियमनिष्ठ कारकुनाप्रमाणे नकार देत होती. (आमच्या महाविद्यालयाची कचेरी त्याही स्थितीत आठवली.) वर आवाज नाही! एंजिन थांबले आहे की गाडीच मेली, कळेना.

"भाऊजी, उतरा. डिकीत मांजराची वाळू आहे."

गाडी त्यांनी अलगद मागे घेतली. आम्ही अख्खी पिशवी चाकांपुढे रिकामी केली. पॅडलला जेमतेम पाय लावीत त्या वर गेल्या, आणि आम्ही मागून धावत.

विमान मिळाले. बाबांची भेट झाली. बोलणे झाले नाही.