घरातली प्रार्थना

दिवेलागण झाली की आमच्याकडे हातातली कामं बाजूला पडत. कंदिलाची काच पुसून झालेली असे, आजी घोंगडीवर बसे, आणि आत्या, आई, आम्ही पोरं, गोठ्यातून हात धुऊन आलेले आप्पा असे सगळे भोवती जमत. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांत साठ-सत्तरच्या दशकात वाढलेल्या आम्हा सगळ्यांना ही कौटुंबिक प्रार्थना आठवते. गाव राहुरी असो, नेवासा असो की शेवगाव. आधी गीत, मग शास्त्रपाठ, मग प्रार्थना, हा क्रम ठरलेला.

गीतं 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली. पेटी प्रत्येकाकडे नसे, पण टाळ असत. कवी ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांना सोडलं नाही. अभंग आणि भजनाची चाल ते ख्रिस्ती उपासनेत घेऊन आले. म्हणून शाळेची पायरी न चढलेल्या आमच्या आज्यांनाही गीतं तोंडपाठ होती. जात्यावर तीच, वाफ्यात खुरपतानाही तीच. वारकऱ्यानं विठोबाशी बोलावं तशा मोकळेपणानं त्या प्रभूशी बोलत. देव त्यांना परका वाटलाच नाही.

शास्त्रपाठ आम्हा मुलांकडे असे. बायबलच्या पुढच्या कोऱ्या पानांवर आप्पांच्या अक्षरात घरातले जन्म, बाप्तिस्मे, लग्नं आणि मृत्यू लिहिलेले होते. वाचताना एखादा शब्द गळला, की आजी डोळे न उघडता तो भरायची. तिला वाचता येत नव्हतं. ऐकून ऐकून अध्यायच्या अध्याय तिच्यात मुरले होते.

मग प्रार्थना. तिच्यात सगळं गाव यायचं. "बापा, धाकट्या सुनेची सुटका नीट होऊ दे. म्हशीचं वेत सुखाचं होऊ दे. वरच्या आळीतल्या त्या म्हातारीला कोणी नाही, तिच्याकडे बघ." दिवसा जिच्याशी भांडण झालं, तिचंही नाव आजी घ्यायची, आणि त्या बाईबद्दल वाकडं बोलणं दुसऱ्या दिवशी आम्हाला जड जायचं.

1972 च्या दुष्काळात मोठी माणसं खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या कामावर जात होती. घरात मिलोची भाकरी आणि पोरांना सुकडी. आजी त्या भाकरीबद्दलही रोज उपकार मानायची. एका संध्याकाळी प्रार्थनेची पाळी आप्पांची होती. ते बराच वेळ गप्प राहिले. हाताला पडलेले घट्टे अंगठ्यानं चोळत होते. मग म्हणाले, "बापा, आज माझ्या तोंडून उपकार निघत नाहीत. बैल विकला. पोरांकडं बघवत नाही. तू कुठं आहेस?" एवढंच. आम्ही पोरं घाबरलो. देवाशी असं बोलायचं असतं का? आजीनं मात्र ठाम आवाजात "आमेन" म्हटलं, आणि मग आम्हीही म्हटलं.

पुढं स्तोत्रसंहिता नीट वाचली तेव्हा आजीचं ते "आमेन" कळलं. तेराव्या स्तोत्रात दावीद देवाकडे सरळ गाऱ्हाणं घेऊन जातो आणि त्याच स्तोत्राच्या शेवटी गायला लागतो. गाऱ्हाणं घेऊन जावं असा देव आहे, ही खात्री असल्याशिवाय कोणी गाऱ्हाणं नेत नाही. आप्पा त्या संध्याकाळी देवावर रुसले होते, पण पाठ फिरवून उठून गेले नव्हते.

आजी आणखी एक गोष्ट सांगायची: बाप्तिस्मा घरच्यांनी दिला तरी विश्वास ज्याचा त्यानं धरायचा असतो. ना. वा. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात हेच दिसतं. पती ख्रिस्ती झाल्यावर त्या खचल्या, दुरावल्या, परत आल्यावरही सोवळं सांभाळत राहिल्या; पटलं तेव्हा काही वर्षांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. आणि पुढं पतीचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांनीच पुरं केलं.

आमची पिढी पुण्या-मुंबईला नोकरीला गेली. वचनं पाठ होती, रविवारची उपासना चुकत नव्हती, पण देवाशी बोलणं आटलं होतं. जो तो आपापल्या वेळेला जागा झाला. माझ्यावर ती वेळ आईच्या आजारपणात आली. दवाखान्यात प्रभूची प्रार्थना म्हणायला लागलो आणि "तुझ्या इच्छेप्रमाणे" याच्यापुढं जीभ रेटेना. तेव्हा पाठ केलेलं बाजूला ठेवून म्हटलं, "बापा, मला तिची गरज आहे, आणि मला भीती वाटते." आई त्या दुखण्यातून उठली नाही. पण त्या दिवसापासून मी ज्याच्याशी बोलतो तो ऐकतो, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

आज आमच्या घरांत संध्याकाळी सगळे एका वेळी घरी नसतात, हे मान्य. मग रात्री उशिरा बसा, रविवारी दुपारी बसा, फोनवर बसा. मुलांकडून वचनं जरूर पाठ करून घ्या. अडचणीच्या दिवसांत ती उपयोगी पडतात. पण त्यांच्यासमोर स्वतः देवाशी खरं बोला: कर्जाबद्दल, भांडणाबद्दल, भीतीबद्दल. ख्रिस्तानं देवाला बाप म्हणायला शिकवलं आहे. बापाशी कसं बोलायचं, हे मुलं घरातल्या मोठ्यांचं ऐकूनच शिकतात.