मिठाची पुडी

लग्नानंतर मुलगा-सून फिरायला निघाले ते थेट बोर्निओच्या जंगलात. मी म्हटलं, "आधी शिखरजी करून या की!" सून म्हणाली, "आई, तिथेही जीवच बघायला जातोय." मला ते जरा लागलंच.

तरी खाकरे, चिवडा, मेतकूट बांधून दिलं. तिकडे मलेशियाच्या सबाह राज्यात विषुववृत्त जवळ, त्यामुळे बाराही महिने सहा-साडेसहाला सूर्य मावळतो. सुनेनं त्याआधीच जेवण उरकायचा नेम पाळला. चिरंजीवांचं विचारू नका!

सेलिंगन बेटावर रात्री समुद्री कासवं अंडी घालायला येतात. फोटोला फ्लॅश चालत नाही, मादी अंडी घालू लागली की मगच जवळ नेतात. रक्षक ती अंडी कुंपणातल्या वाळूत पुरतात आणि पिल्लं निघाली की समुद्रात सोडतात.

डॅनमच्या जंगलात पानावरची जळू सुनेच्या मनगटाला चिकटली. मुलानं मिठाची पुडी काढली. मिठानं जळू मरते. सुनेनं त्याचा हात धरला, नखानं जळू हळूच सोडवली, पानावर ठेवली. रक्त बराच वेळ थांबेना म्हणे.

हे मुलानंच सांगितलं, खाली मान घालून. मी गप्पच. काकडीबरोबर लागेल म्हणून ती पुडी मीच दिली होती. आणि निघताना कानात सांगितलंही होतं, "जळवा असतात तिथे, असू दे जवळ."