ज्याची त्याची हवा

"ताई, यात आमचं बोलणं रेकॉर्ड होतं का?"

पंप कमरेला बांधला की हा प्रश्न ठरलेला. मुळशीतल्या वाडीवर विचारतात, हडपसरच्या चाळीतही विचारतात. मग मी पंप त्यांच्या कानाजवळ धरते. आत माइक नाही, कॅमेरा नाही. एक छोटी मोटर आहे आणि ती मिनिटाला दीड लिटर हवा ओढते. तिची नळी पाठीवरून खांद्यावर येते. नळीच्या टोकाला डबी, डबीत पांढरा गोल फिल्टर. डबी गळ्याशी पिनेनं अडकवायची, म्हणजे नाकापासून वीतभर अंतरावरची हवा त्यातून जाते. हे सगळं चोवीस तास अंगावर वागवायचं. आंघोळीला नि झोपताना काढलं तरी हाताशी ठेवायचं. रात्रभर त्याची घरघर चालू असते आणि घरातली माणसं ती निमूट सोसतात. त्यांच्या या सोसण्यावर आमचा सगळा अभ्यास उभा आहे, हे मी कधी विसरत नाही.

पुण्याची हवा मोजायला यंत्रणा नाही असं नाही. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं 'सफर' उभी केली. २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी ती सुरू झाली आणि पुढे पुण्या-मुंबईत आली. शहराची हवा बिघडतेय की सुधारतेय हे अशा केंद्रांमुळेच कळतं. पण केंद्र हवा ओढतं ती जमिनीपासून तीन ते दहा मीटर उंचीवरची, मोकळ्या जागेतली. तिथे कुणी भाकऱ्या थापत नाही, कुणी झोपत नाही, कुणी सिग्नलला टेम्पोच्या मागे स्कूटर घेऊन उभं नसतं. माणूस दिवसभर एका हवेतून दुसऱ्या हवेत जातो. त्याच्या वाट्याला एकूण काय आलं हे पाहायचं, तर यंत्र त्याच्याच अंगावर लागतं.

हा विचार भारतात नवा नाही. कर्क स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञानं आपल्या भारतीय सहकाऱ्यांबरोबर गुजरातच्या खेड्यांत चुलीपुढे बसणाऱ्या बायकांच्या अंगावर असेच पंप बांधले होते. १९८३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वयंपाकाच्या वेळी त्या बायका श्वासातून घेत असलेल्या हवेत घनमीटरला सरासरी ७ मिलिग्रॅमच्या आसपास कण सापडले. प्रदूषण म्हणजे कारखान्याची चिमणी, असं जग मानत होतं त्या काळातली ही गोष्ट. धुराचा सगळ्यांत मोठा वाटा घरातल्या बाईला मिळतो, हे आकड्यानं सिद्ध झालं. स्मिथ २०२० साली गेले. मला त्यांच्या कामाबद्दल अतोनात आदर आहे.

फिल्टर बांधण्याआधी तोलायचा आणि काढल्यावर पुन्हा तोलायचा, इतकंच हे काम आहे. पण जपावं फार लागतं. चोवीस तासांत पंप जेमतेम दोन घनमीटर हवा ओढतो. हवेत घनमीटरला शंभर मायक्रोग्रॅम सूक्ष्म कण असतील, तर फिल्टरवर साधारण दोनशे मायक्रोग्रॅम जमतात, म्हणजे मिलिग्रॅमचा पाचवा हिस्सा. त्यावर नुसतं बोट टेकलं तरी हिशेब बिघडतो. म्हणून तापमान आणि आर्द्रता कायम एकसारखी ठेवलेल्या खोलीत फिल्टर दिवसभर मुरू द्यायचा, चिमट्यानं उचलायचा आणि सोबत एक कोरा फिल्टरही गावोगाव फिरवून आणून तोलायचा. पट्ट्याला लेझरवर चालणारा छोटा सेन्सरही असतो. तो मिनिटामिनिटाची नोंद करतो. मात्र पावसाळ्यात ओलाव्यानं कण फुगतात आणि तो जास्त आकडा दाखवतो. किती ते फिल्टरनं सांगायचं, कधी ते सेन्सरनं.

त्या 'कधी'नंच मला सगळ्यांत जास्त शिकवलं.

मुळशीतल्या एका वहिनींचं घर आठवतं. ओट्यावर गॅसची शेगडी, खाली लाल सिलिंडर, सगळं लखलखीत. प्रश्नावलीत 'स्वयंपाकाचं इंधन' या रकान्यात मी 'गॅस' लिहिलं आणि ते खरंच होतं. आलेखात मात्र पहाटे साडेपाचला रेघ सरळ वर चढलेली, चार आकड्यांत गेलेली, आणि तासभर तिथेच. वहिनींना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "ते होय! ते आंघोळीचं पाणी." मागच्या पडवीत तीन दगडांची चूल. तिच्यावर हंडा, खाली ओली लाकडं, पेटवणाला दुधाच्या पिशव्या. घरात सहा माणसं; सहा जणांचं पाणी गॅसवर तापवलं तर सिलिंडर किती दिवस पुरणार? त्यांचा हिशेब चोख होता. आमच्या प्रश्नावलीत पाण्याचा रकानाच नव्हता.

भारताच्या मानकाप्रमाणे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या सूक्ष्म कणांची चोवीस तासांची सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आत हवी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली ही मर्यादा १५ वर आणली. वहिनींच्या दिवसभराच्या वाट्यातला मोठा भाग त्या एका तासात भरत होता. उरलेला दिवस त्या शेतात, डोंगराच्या कुशीतल्या स्वच्छ हवेत असत. गावाच्या नावापुढे एकच आकडा लिहिला असता तर हवा उत्तम ठरली असती.

शहरातल्या आलेखांत रस्त्याचे उंचवटे अपेक्षेप्रमाणे दिसतात, त्यावर फार लिहीत नाही. एका रिक्षाचालक काकांच्या आलेखात मात्र दिवसभराच्या वाहतुकीपेक्षा मोठा डोंगर रात्री दहानंतर उभा होता. घरी विचारलं. दहा बाय बाराची खोली, खिडकी बंद, कॉटखाली डासांची कॉइल आणि शेजारी झोपलेली दोन नातवंडं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चिनी आणि मलेशियन कॉइल तपासल्या होत्या. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुरातल्या कणांइतके भरले होते. काकांनी आयुष्यात विडीला हात लावलेला नव्हता.

निष्कर्ष सांगायला मी परत जाते. वहिनींनी कागद नीट पाहिला आणि चूल अंगणात हलवली. दुसऱ्या खेपेच्या मोजणीत त्यांची पहाटेची रेघ बरीच उतरली. मला बरं वाटलं; पण डिसेंबरातल्या थंडीत सासूबाई शेकायला त्याच चुलीपाशी बसलेल्या पाहिल्या. सुनेच्या वाट्याचा धूर आता सासूच्या वाट्याला. पंप एकीच्याच कमरेला होता, म्हणून तो आलेखात उमटला नाही. या घराला पाणी तापवण्याची परवडणारी सोय हवी आहे. धुराचे तोटे सांगणाऱ्या पत्रकाचा तिथे काही उपयोग नाही.

गॅसच्या जोडण्या किती दिल्या हे मोजून धूर गेला असं धरणं चूक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. घरात काय आहे यापेक्षा काय जळतं ते विचारलं पाहिजे आणि पहाटे व रात्री विचारलं पाहिजे. तुमच्या दाराशी असं सर्वेक्षण आलं तर 'गॅस आहे' एवढ्यावर थांबू नका. पाण्याची चूल, कॉइल, धूप, शेकोटी, सगळं सांगा. आणि अभ्यास करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना कळकळीची विनंती : ज्यानं चोवीस तास तुमचा पंप अंगावर वागवला, त्याचा आकडा आधी त्याच्या घरी जाऊन, त्याला समजेल अशा मराठीत सांगा. शोधनिबंध त्यानंतर पाठवा.