लांब मानेचा जलचर आणि ऋषिऋण

मनुष्य तीन ऋणें घेऊन जन्मास येतो, असें आपलीं शास्त्रें सांगतात. यज्ञानें देवांचें, संततीनें पितरांचें आणि अध्ययनानें ऋषींचें ऋण फेडावयाचें असतें. पैकीं पहिल्या दोहोंचा हिशेब घरोघर थोडाबहुत ठेवला जातो. तिसऱ्याचा धनको कोण, हेंच पुष्कळांस ठाऊक नसतें. यास्कांच्या निरुक्तांत ऋषि शब्दाचा संबंध पाहण्याशीं जोडला आहे. ज्यानें प्रथम पाहिलें तो ऋषि. हा अर्थ मनांत असतां आम्हीं परवां परदेशांतील एका अश्मीभूत प्राण्याची हकीकत वाचली, आणि ऋषिऋणाची व्याप्ति आपण समजतों त्याहून बरीच मोठी आहे, अशी आमची खात्री झाली. ती हकीकत वाचकांपुढें ठेवतों.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रीजिस नांवाचें गांव आहे. तेथील समुद्रकांठचे कडे चुनखडीचे व चिकणमातीचे असून हिवाळ्यांतील वादळांत ते ढासळतात, आणि १९-२० कोटी वर्षांपूर्वींच्या जलचरांचीं हाडें दगड होऊन पडलेलीं आंत दिसूं लागतात. या गांवीं १७९९ सालीं एका सुताराच्या घरीं मेरी ॲनिंग ही मुलगी जन्मली. १८१० सालीं बाप वारला व मागें कर्ज राहिलें. कड्यांतून निघालेले शंख व हाडें प्रवाशांस विकून मायलेंकरें पोट भरूं लागलीं. मेरीचें शालेय शिक्षण जुजबीच होतें. परंतु पंडितांचे निबंध मिळवून ती हातानें उतरून घेई, आणि हाडांची रचना कळावी म्हणून मासे चिरून पाही.

१८२३ च्या डिसेंबरांत तिला एका प्राण्याचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा सांपडला. लांबी सुमारें ९ फूट, डोकें अगदीं लहान, धड रुंद, पायांच्या जागीं चार वल्हीं, आणि मान मात्र कल्पनेपलीकडे लांब! सुट्या हाडांवरून या प्राण्यास १८२१ सालींच प्लेसिओसॉरस, म्हणजे सरड्याच्या जवळचा, असें नांव देण्यांत आलें होतें; पण त्याचें पुरें रूप कोणीं पाहिलें नव्हतें. हा मासा नव्हे, कारण तो हवेंत श्वास घेई; आणि डायनासोरहि नव्हे. त्याच्या कुळांतील एका प्राण्याच्या पोटांत गर्भाचीं हाडें मिळालीं असून २०११ सालीं तें प्रसिद्ध झालें. तेव्हां हें कूळ अंडीं न घालतां पिल्लांस जन्म देत असे, असें मानण्यास आधार मिळाला. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं तें समूळ नष्ट झालें.

या मानेनेंच मोठा घोटाळा केला. मनुष्याच्या मानेंत सात मणके, जिराफाच्याहि सातच. येथें तर सुमारें ४०! पॅरिसचे क्युव्हिए हे त्या काळीं प्राण्यांच्या अस्थिशास्त्राचे भीष्माचार्य. दोन निरनिराळ्या प्राण्यांचीं हाडें एकत्र जोडलीं असावींत, असा संशय त्यांनीं प्रकट केला. नैयायिकाच्या दृष्टीनें पाहतां हा संशय अगदींच निराधार नव्हता. परंतु पंडिताचें अनुमान चुकलें तर एक टीप बदलावी लागते. मेरीवर लबाडीचा शिक्का बसता, तर तिच्याजवळून पुढें कोणीं एक हाडहि विकत घेतलें नसतें आणि घरची चूल विझली असती. सुदैवानें सांगाडा तपासणाऱ्यांस तो अस्सल दिसला, आणि क्युव्हिए यांनीं थोर मनानें आपलें मत मागें घेतलें.

२० फेब्रुवारी १८२४ रोजीं लंडनच्या भूशास्त्र मंडळांत विल्यम कॉनिबेअर यांनीं या प्राण्यावर निबंध वाचला. त्यांत मणक्यांचें, वल्ह्यांचें व दांतांचें वर्णन आलें. ज्या हातांनीं तो सांगाडा कड्यांतून सोडविला त्या मेरीचें नांव आलें नाहीं. त्या मंडळानें स्त्रियांस सभासद करून घेतलें तें १९१९ सालीं. मेरी तर १८४७ सालींच वारली होती.

हें वाचतांना आम्हांस आमच्या आत्याबाई आठवल्या. बालपणींच वैधव्य आल्यामुळें त्यांनीं सारें आयुष्य माहेरच्या माजघरांत काढलें. शाळेची पायरी त्या कधीं चढल्या नाहींत. आमचे आजोबा ओसरीवर विद्यार्थ्यांस अमरकोश सांगत, तो त्यांनीं आंत दळतां दळतां कानांनीं टिपला. पुढें लहानपणीं आम्हांस शब्द चालविण्यास त्यांनींच शिकविलें. आमचें रूप चुकलें कीं जातें थांबे. बरोबर म्हटल्यावरच पुन्हां फिरूं लागे. त्या शिदोरीवर आम्हीं ३५ वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें.

सध्यां आमच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ति निघत आहे. आजोबांच्या पाठशाळेंत जे तयार झाले त्यांच्या यादींत आत्याबाईंचें नांव घालावें, असें आम्हीं संपादकांस कळविलें. "कन्यांसाठीं असा रकाना ठेवलेला नाहीं," असें सौम्य शब्दांत उत्तर आलें. घरांतील वडीलधाऱ्यांपैकींहि कांहींजण म्हणतात, "आतां कशास? त्या तर गेल्या."

मेरीहि गेली होती. मंडळाच्या सभासदांनीं १८५० सालीं गांवच्या चर्चमध्यें तिच्या स्मरणार्थ रंगीत कांचेची खिडकी बसविली, आणि २०२२ सालीं लाइम रीजिस येथें तिचा पुतळा उभा राहिला. त्यासाठीं चळवळ सुरू केली ती एका शाळकरी मुलीनें व तिच्या आईनें. मृतांस याचा कांहीं उपयोग नाहीं, हें खरें. परंतु ऋण धनकोच्या मृत्यूनें फिटत नाहीं. तें वारसांकडे येतें, आणि या ऋणाचे वारस आपण सर्वच आहों. म्हणून आम्हीं संपादकांस पुन्हां पत्र धाडलें आहे. रकाना नसेल तर समासांत लिहा, पण लिहा, एवढेंच त्यांस आमचें सांगणें आहे.