जड आवाजाच्या शोधात

बास गिटार घ्यायचं ठरल्यापासून डोक्यात दोनच आवाज घुमताहेत: ब्लॅक सॅबथच्या गीझर बटलरचा आणि मोटरहेडच्या लेमीचा. दोघंही आधी गिटार वाजवायचे, बासकडे नंतर वळले. म्हणूनच की काय, त्यांचा बास कधी मागच्या रांगेत उभा राहत नाही.

वाटा मात्र वेगळ्या. बटलरची ओळख फेंडर प्रिसिजनची, तारांवर थेट बोटं. १९५७ पासून या गिटारला दोन तुकड्यांचा पिकअप आहे. त्यानं विजेची घरघर दबते आणि स्वर भरदार उमटतो. १९७१च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'त सॅबथनं काही गाण्यांसाठी वाद्यं दीड स्वर खाली उतरवली. तारा सैलावल्या, आवाज जडावला.

लेमीकडे रिकनबॅकर, हातात पिक आणि मार्शलचा ॲम्प फाटेस्तोवर चढवलेला. गंमत म्हणजे बास आणि ट्रेबलची बटणं तो खाली ठेवायचा, मिडल पूर्ण वर. खर्जाचं वाद्य आणि खर्जालाच कात्री! पण ते पटतं. नुसता खर्ज ड्रम आणि गिटारच्या गदारोळात बुडून जातो. कानाला धरून ठेवते ती मधल्या पट्टीतली खरखर.

तरीही मी प्रिसिजनच घेणार. एक पिकअप, व्हॉल्यूम आणि टोन अशी दोन बटणं, जाड तारा. लपायला जागाच नाही. लेमीची खरखर ॲम्पमधून काढता येईल. बटलरची बोटं मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाहीत, ती रियाजानंच घडवावी लागतील.