बीड, बॉस फाइट आणि बत्ती गुल

वीकेंडला पुण्याबाहेर पडायचं म्हटलं की आपली यादी ठरलेली असते. लोणावळा, महाबळेश्वर, अलिबाग, फारच धाडस केलं तर दापोली. त्या यादीत बीडचं नाव घालणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. बीड म्हणजे दुष्काळ, ऊसतोड आणि राजकारण, एवढंच न्यूज चॅनलवाल्यांनी आपल्यापर्यंत पोचवलंय. डिसेंबर २०२५ मध्ये मी गेमिंगवर लिहायला बीडला चाललेय म्हटल्यावर एका मित्राने सरळ विचारलं, ‘तिथे कन्सोल आहेत?’ आहेत राव! आणि आपल्या कॅफेतल्या कट्ट्यांवर ऐकू येणार नाहीत अशी मतंही आहेत.

जायचं कसं? आधी या प्रश्नाची दोनच उत्तरं होती, एसटी नाहीतर ट्रॅव्हल्स. १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगर ते बीड रेल्वे सुरू झाली. कित्येक वर्षं जिची फक्त आश्वासनं ऐकली ती गाडी खरोखर येते, याचं अप्रूप अजून ओसरलेलं नाही. मामा स्टेशनवर मला घ्यायला आला तेव्हा त्याने आधी डोळे भरून इंजिन बघितलं, मग भाची.

मामेभावाची गच्चीवरची खोली हा इथला गेमिंग झोन. एक सेकंडहँड पीएस ५, दोन कंट्रोलर (एकाची स्टिक आपोआप डावीकडे पळते), एक इन्व्हर्टर आणि सहा-सात पोरं. पीएस ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला आणि २०२२ मध्ये आणखी पाच हजारांनी महागला. एवढे पैसे एकट्याच्या खिशातून निघणं शक्यच नव्हतं, म्हणून पाच जणांनी कॉन्ट्री काढली. टीव्ही आणला केजकडच्या एका पोराने. त्याच्या घराला सहा महिने कुलूप असतं, मग टीव्ही तिथे कोण बघणार? आठवड्याचे वार सगळ्यांनी वाटून घेतलेत, अगदी विहिरीच्या पाण्याची पाळी वाटून घ्यावी तसे.

याआधीच्या पिढीने पार्लरचे दिवस बघितले. थोरला मामेभाऊ अजून रंगवून सांगतो. आधी आर्केड मशीनवरचा ‘मुस्तफा’. कॅपकॉमच्या १९९३ च्या त्या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, पण ते कुणाच्या गावी होतं? पिवळ्या टोपीवाला मुस्तफा ज्याच्या वाट्याला आला तो राजा, बस्स. मग पीएस २ आला. पार्लरवाल्याकडे एक वही असायची. लोडशेडिंगमध्ये लाइट गेली की तुमची उरलेली मिनिटं तो वहीत मांडून ठेवायचा, किराणा दुकानातल्या उधारीसारखी. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, पोरं मोबाइलवर पबजी खेळायला लागली आणि पार्लरांची शटर खाली आली. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवरही बंदी आली, पण तोवर वही रद्दीत गेली होती.

पॉज कुठाय पॉज?

या खोलीत गेमला मार्क द्यायची पद्धतच वेगळी आहे. ग्राफिक्स वगैरे नंतर. पहिला प्रश्न : लाइट गेली तर काय? २०२२ चा ‘एल्डन रिंग’ इथे या एका मुद्द्यावर नापास. ऐन मारामारीत थांबवायला त्यात साधं पॉजचं बटण नाही. बॉसचा जीव केसभर उरलाय, तेवढ्यात गल्लीतली डीपी उडाली आणि इन्व्हर्टरने दगा दिला, तर शिव्या कुणाला घालायच्या? मला विचाराल तर पॉज नसण्यातच त्या गेमची सगळी मजा आहे. पण हे मत पुण्यात मांडणं सोपं आहे.

दुसरा प्रश्न : डिस्क मिळते का? शंभर-शंभर जीबीचे गेम मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरवायचे म्हणजे आठवडा गेला. त्यामुळे इथे अख्खी डिस्कची साखळी चालते. संभाजीनगरातून कुणीतरी जुनी डिस्क ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे देतं, गेम संपला की तीच डिस्क पुढे परळीला. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या पीएस ५ प्रोमध्ये कंपनीने डिस्क ड्राइव्हच दिला नाही, ही बातमी आपण ‘चलता है’ म्हणून वाचली. इथे ती अन्याय म्हणून ऐकली गेली. आणि पोरांचं बरोबर आहे! पाच हजारांच्या आसपासचा गेम पाच जणांत फिरतो तेव्हाच तो परवडतो.

क्रिकेटवर मात्र एकमत. ‘क्रिकेट २४’ दिसायला चकाचक, पण खेळायला ईएचा ‘क्रिकेट ०७’च बाप. तो २००६ मध्ये आला, नंतर ईएने क्रिकेट सोडलं ते सोडलंच. खोलीतल्या कोपऱ्यात एक म्हातारा कॉम्प्युटर फक्त त्याच्यासाठी जिवंत ठेवलाय. नव्या खेळाडूंचे पॅच टाकून आजची टीम जुन्या मैदानावर उतरते. नॉस्टॅल्जिया म्हणावं तर खेळणारी निम्मी पोरं गेम आला तेव्हा जन्मलीही नव्हती.

ऑक्टोबर २०२५ च्या ‘घोस्ट ऑफ योतेई’वर आमचं भांडण झालं. १६०३ चं जपान, सूड उगवायला निघालेली आत्सू, वाट दाखवणारा वारा... दिसायला भन्नाट, हे मान्य. पण आधीच्या ‘त्सुशिमा’त जे बघून आ वासला होता, त्यातलं बरंच इथे पुन्हा वाढलंय. मामेभावाला हे अजिबात पटलं नाही. ‘ताई, भाकरी रोज तीच असती, म्हणून जेवायचं सोडती का?’

मामीसमोर मात्र ‘गेम’ हा शब्द काढायचा नाही. तिच्या लेखी गेम म्हणजे रमी. गल्लीतल्या एकाची मोटरसायकल आणि बायकोचं डोरलं त्या ॲपमध्ये गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा केला, त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यताही दिली. हा फरक मी मामीला चहा पिता पिता समजावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘असंल बाई. पर लेकराला तू नको सांगू.’

एक्सपिडिशन की टोळी?

२०२५ चा सगळ्यात गाजलेला गेम म्हणजे ‘क्लेअर ऑब्स्क्यूर : एक्सपिडिशन ३३’. फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातला सँडफॉल नावाचा छोटा स्टुडिओ, पहिलाच गेम आणि डिसेंबर २०२५ मध्ये थेट गेम ऑफ द इयर! गोष्ट अशी : दूर समुद्रापार एका प्रचंड शिळेवर एक चित्रकर्ती दर वर्षी एक आकडा रंगवते आणि त्या वयाची माणसं पाकळ्या होऊन उडून जातात. दर वर्षी आकडा एकाने उतरतो. तिला थांबवायला दर वर्षी शहरातून एक तुकडी निघते. तुकडी परत येत नाही, मागे उरलेले पुढच्या तुकडीची तयारी करतात. पुण्यात आम्ही यावर मृत्यू, काळ, कला असं काय काय बोललो होतो. केजकडच्या त्या पोराने पहिल्या अर्ध्या तासात विषय संपवला. ‘ही तर टोळीच हाय की.’

टोळी म्हणजे ऊसतोडीची. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली गावंच्या गावं ट्रक-ट्रॅक्टरमध्ये बसून पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला म्हणायचं एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि मग उसाच्या फडात ती फेडत राहायचं. फिटली नाही तर पुढच्या हंगामात अंगावर. गावात उरतात म्हातारी माणसं, आणि पोरं असतात आजीकडे नाहीतर हंगामी वसतिगृहात.

हा पोरगा तसाच वाढलेला. आई-वडील तेव्हा सांगलीकडे फडात होते, तो बारावीला. वहीच्या मागच्या पानांवर चित्रं काढतो आणि भारी काढतो. गेमसाठी चित्रं काढायची असतील तर पुण्यात कुठला कोर्स असतो, फी किती, असं त्याने विचारलं. मी आकडा सांगितला. त्याने मनातल्या मनात हिशेब केला. रुपयांत नाही, उचलीत. ‘म्हणजे तीन हंगाम.’ थोडं थांबून, ‘यंदाची फिटली नाही तर पुढच्या साली अर्धा कोयता मी हाय.’ नंतर तो पुन्हा पॅरी मारायला लागला. टायमिंग एकदम पक्कं.

वॉटर लेव्हल

दुसऱ्या दिवशी तोच मला खजाना विहीर दाखवायला घेऊन गेला. शहरापासून काही किलोमीटरवर, सोलापूर-धुळे महामार्गाच्या बाजूला. निजामशाहीत, १५८२ च्या सुमारास सलाबत खानाने बांधलेली. वरून बघितली तर एक मोठी गोल विहीर, खरी कमाल मात्र जमिनीखाली. भुयारी वाटांनी पाणी आत येतं आणि नुसत्या उताराच्या जोरावर दुसऱ्या वाटेने शेतांकडे जातं. ना मोट, ना मोटर, ना लाइट! गेमर मंडळी वॉटर लेव्हलचा किती तिरस्कार करतात ते तुम्हाला ठाऊक आहेच. ही मात्र मी दिवसभर खेळले असते.

संध्याकाळी कंकालेश्वर. पाण्याने भरलेल्या कुंडाच्या मधोमध उभं दगडी मंदिर, आणि भिंतींवर शस्त्रं घेऊन लढणाऱ्या बायका. पोराच्या वहीत त्या सगळ्या होत्या. एकीच्या हातात त्याने चक्क आत्सूची तलवार दिली होती.

ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या ‘ब्लॅक मिथ : वुकाँग’साठी चिनी स्टुडिओने शान्शी प्रांतातली जुनी मंदिरं थ्रीडी स्कॅन केली. गेम हिट झाला आणि कोपऱ्यातल्या मंदिरांसमोर रांगा लागल्या. ‘त्सुशिमा’ची गोष्ट तर आणखी गोड. २०२० मध्ये वादळात त्या बेटावरच्या वातात्सुमी मंदिराची तोरी कोसळली, तेव्हा गेमच्या चाहत्यांनीही वर्गणी पाठवली. (त्याच मंदिराने मार्च २०२५ मध्ये पर्यटकांच्या वागण्याला कंटाळून त्यांना बंदी केली, हेही लक्षात असू द्या.) आपल्याकडे काय? ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’ने २०१७ मध्ये होयसळांची शिल्पं जगाला दाखवली, पण बनवला अमेरिकेतल्या नॉटी डॉगने. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ २०२० मध्ये आला. भावाला शोधत निघालेली सर्कशीतली मुलगी, भिंतींवरची चित्रं, दगडी जाळ्या... मारामारी थोड्या वेळाने तीच तीच वाटते आणि गेम पाच-सहा तासांत संपतो, तरीही खेळा. मग अंबाजोगाईला हत्तीखाना लेणी आणि धर्मापुरीला केदारेश्वर बघून या. लेव्हल डिझायनर लागेल, लोकेशन तयार आहे.

शेवटच्या रात्री विषय अर्थातच ‘जीटीए ६’. रॉकस्टारने आधी २०२५ सांगितलं, मग २६ मे २०२६, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा पुढे ढकलून १९ नोव्हेंबर २०२६. कुणीतरी मोबाइलमध्ये कॅलेंडर काढलं. तो गुरुवार निघाला. गुरुवार केजवाल्याचा. नोव्हेंबरात कारखाने पेटलेले असतात, तेव्हा हा इथे असेल की फडात, हे कुणी बोललं नाही. एकाने फक्त विचारलं, ‘तुझा तेवढा गुरुवार विकतो का? पाचशे देतो.’

‘नाही विकायचा,’ तो म्हणाला, आणि कंट्रोलर पुढच्याकडे दिला. त्या दिवशी पाळी दुसऱ्याची होती.